लाईन सोडा

इंग्रजी ही कंजूष माणसांची भाषा आहे, असं मी आठवीच्या वर्गाला तावातावाने सांगत होते. एक शब्द घ्यायचा आणि घरातल्या एकुलत्या पातेल्यासारखा सगळीकडे वापरायचा; त्यातच चहा, त्यातच आमटी. त्या दिवशीचा शब्द होता 'लाईन'. एकाच धड्यात तो तीनदा आला, आणि तिन्ही वेळा अर्थ वेगळा. म्हणून मी पुस्तक मिटलं आणि पोरांनाच विचारलं, सांगा, तुम्हाला किती लाईनी माहीत आहेत?

वर्ग पेटला. ओळ, रेघ, रांग. रॉकेलची लाईन. फोनची लाईन. हर्षाली म्हणाली, "बाई, लाईटची लाईन." मागच्या बाकावरून कुणीतरी "लाईन मारनं" असं पुटपुटलं आणि सगळे एकदम साळसूद होऊन फळ्याकडे बघायला लागले. मला हसू आवरेना, तरी मी डोळे वटारले. मग शब्दकोशात वाचलेलं सांगितलं. फार जुन्या लॅटिन भाषेत या शब्दाचा अर्थ जवसाच्या धाग्याचा दोरा. आपण ज्याची चटणी करतो, तेच जवस. दोरा ताणला की सरळ रेघ झाली, रेघेवर माणसं उभी राहिली की रांग झाली, दोऱ्याच्या जागी तार आली की तिच्यातून बोलणंही जायला लागलं आणि वीजही.

"एका दोऱ्यावर एवढं सगळं टांगलंय," मी म्हटलं. "मराठीत असला घोळ नाही. आपल्याकडे जे म्हणायचं तेच ऐकू येतं."

तेवढ्यात दारात कपिल उभा. कपिल माझा नवरा, आणि खोडदच्या अलीकडच्या तीन-चार गावांचा वायरमन. कमरेला पट्टा, खांद्यावर दोर. लाईनमध्ये काही बिघडलं की तो शाळेच्या ऑफिसातून फोन करायला यायचा. अठ्ठ्याण्णव साली आमच्या गावात फोन होते म्हणायला चार-पाच, त्यांतला एक शाळेत.

फळ्याकडे बघून तो म्हणाला, "लाईनचा धडा चाललाय व्हय? मग सांगून टाका की बाई पोरास्नी, लाईन म्हंजी बाईंची सवत." वर्ग खिदळला. मी खडू उगारला. आमचं लग्न होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

ऑफिस वर्गाला लागूनच. त्याचा फोनवरचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला. पलीकडे वीज उपकेंद्रातला सावळाराम, तिथला ऑपरेटर. "सावळारामभाऊ, आमची लाईन बंद करा. अण्णांच्या मळ्यापाशी तार लोंबतीया, पोलवर चडतोय. मी सांगितल्याबिगर सोडायची न्हाई. हां, मीच सांगनार, कपिल."

वर्गातला पंखा गरगरत थांबला. पोरं हिरमुसली. जाता जाता कपिलने खिडकीतून मला हात केला, आणि मी वर्गाच्या देखत ओळखच न दाखवता 'लाईन'वर वाक्यं करायला सांगितली.

पोरं वाक्यं लिहीत होती तेव्हा सयाजीअण्णा ऑफिसात आले. आमच्या शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष. त्यांच्या थोरल्या भावाचं मुंबईत हृदयाचं ऑपरेशन चाललं होतं. त्यांच्या घरचा फोन पावसाळ्यापासून मुका, म्हणून ते सकाळपासून शाळेत खेपा घालत होते. बिचाऱ्यांचा चेहरा उतरलेला होता. पण थोड्याच वेळात ते फोनवर असे ओरडायला लागले की पोरांचं लिहिणं थांबलं.

"आरं सोड की लाईन! लाईन सोड म्हनतो ना! व्हय, व्हय, सोड लवकर!"

मी वैतागून ऑफिसच्या दारात गेले. "अण्णा, वर्ग चालू आहे."

"काय करू बाई, क्रॉस कनेक्शन! मी मुंबई लावतोय आन् मधीच कुनीतरी बोलतंय. म्हनलं, लाईन सोड बाबा. तर इचारतो कसा, कोन, कपिल का? मी म्हनलं, व्हय बाबा, कपिल तर कपिल, पन सोड! तवा म्हनला, धरा जरा, सोडून येतो."

मला आधी काही कळलंच नाही. कपिलचं नाव यात कुठून आलं, एवढंच डोक्यात. मग कळलं, अण्णांच्या फोनवर मधेच आलेला तो माणूस सावळाराम होता.

मी रिसीव्हर हिसकावला. "सावळारामभाऊ! सोडू नका! लाईन सोडू नका!" पलीकडे कुणी नव्हतं. रिसीव्हर टेबलावर ठेवून माणूस उठून गेला की ऐकू येतं तसं रिकामं ऐकू येत होतं. लांबून पावलांचा आवाज, खुर्ची सरकल्याचा. मी ओरडत राहिले. अण्णांच्या हातात रिसीव्हर कोंबला, "ओरडत राहा, सोडू नका म्हणा," म्हटलं आणि धावत सुटले.

पोल शाळेच्या मागेच, अण्णांच्या मळ्यात, कांद्याच्या दोन वाफ्यांपलीकडे. कपिल वर दिसत होता, पट्ट्यावर रेलून, दोन्ही हात तारेला. वीज बंद म्हणून अण्णांच्या गड्याने विहिरीवर डिझेल इंजिन चालू केलं होतं. त्याच्या फटफटीत मला माझाच आवाज ऐकू येईना. पलीकडे खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या प्रचंड थाळ्या आभाळाकडे तोंड करून बसलेल्या. म्हणे कुठल्या कुठल्या ताऱ्यांचं ऐकतात. माझं दोन वाफ्यांवरून ऐकू जाईना.

चारचौघांत मी त्याला 'अहो' म्हणायचे. 'अहो' कुठपर्यंत पोचणार? "कपिल!" मी ओरडले. "लाईन! लाईन सोडा!"

हातातली तार सोडा, एवढंच मला म्हणायचं होतं. त्याने खाली पाहिलं. नवरा-बायकोतली गंमत वाटली असेल, तो हसला.

"मी कुठनं सोडू? सावळारामला सांग! अजून झालं न्हाई माजं!"

तो शब्द मला नको होता. पोरांसमोर ज्याचे इतके अर्थ उलगडून दाखवले, त्यातला एकही माझ्या कामाचा नव्हता. चप्पल कधीच गेली होती, वाफ्याच्या बांधावर मी आपटले, उठले, आणि ज्याचा एकच अर्थ होतो असं काहीतरी शोधत होते. सापडलं.

"हात काढा! कपिल, हात काढा! हात!"

त्याला नीट ऐकू गेलं नाही. हसू मावळलं, कपाळाला आठी पडली. माझं काय चाललंय ते ऐकायला म्हणून त्याने डावा हात तारेवरून काढला आणि कानाशी नेला.

उजवा तसाच राहिला.

तेवढ्यात मागून, शाळेतून, आरोळी उठली. वीज आली की आमची पोरं रोज ओरडतात तशीच, बाकं वाजवत, सगळा वर्ग एका सुरात, "आली! आली! आली!"

मला वाटतं, मी तेव्हा पोरांना गप्प बसा म्हणून ओरडले. माझे डोळे मात्र त्याच्यावरच होते. त्याचं अंग एकदाच ताठ झालं, ठिणगी उडाली आणि तो पट्ट्यावर लोंबकळायला लागला. इंजिन फटफटतच होतं. कुणीतरी बंद करा रे, मी म्हणत होते.

फोनवर अण्णांचा आवाज ऐकून सावळारामने लाईन पुन्हा बंद केली. दोर लावून गड्यांनी कपिलला उतरवलं. अण्णांची जीप होती, त्यांनी स्वतः चालवली. नारायणगावच्या दवाखान्यात श्वास चालतोय म्हणाले आणि पुढे पुण्याला पाठवलं. वाटभर अण्णा एकच बोलत होते, "मी फोनचीच म्हनलो व्हतो, बाई. फोनचीच." मला त्यांचा राग यायला हवा होता. येत नव्हता. कपिलचा डावा हात मी घट्ट धरून बसले होते. तो गरम होता.

पुण्यातल्या इस्पितळात नर्सने माझ्यापुढे कागद धरला. "या लाईनवर सही करा."

मी कागद तिच्याकडे परत सरकवला. मग डॉक्टर जवळ आले. तरुण होते, दमलेले. "जीव वाचेल," ते म्हणाले. माझा हुंदका फुटला तो त्यांनी थांबू दिला. मग हळूच म्हणाले, "पण बाई, हात काढावा लागेल."

"तेच तर!" मी म्हटलं. "तेच मी ओरडत होते. काढा काढा म्हणत होते, त्यांना ऐकू गेलं नाही हो. आता कशावरून काढायचा?"

डॉक्टरांनी नर्सकडे पाहिलं.

"कोपराच्या वरून," ते म्हणाले.