दामाजीचं आवतन

दामाजी कोळ्यानं चाळीस वर्षं गावाला आवतन दिलं. दिवा गावच्या खाडीलगतच्या त्या कोळीवाड्यात बैठक असो की मयत, तो दारोदार जायचा आणि उंबऱ्याशी उभा राहून घरातल्याचं नाव घ्यायचा. नाव घेतल्यावर जो आला नाही, त्याला गावात तोंड दाखवायची सोय नसे. पुढे मोबाइलवर गावाचा ग्रुप निघाला आणि दामाजीचं काम सुटलं. बायको शेवंती गेल्यापासून तर दिवसभरात एक शब्द बोलायला माणूस मिळेना.

म्हणून नव्या बिल्डिंगमधला प्रणित दारात आला, तेव्हा म्हाताऱ्याला बरं वाटलं. तरुणांना एका राजकीय पक्षाशी जोडायचं ऑनलाइन काम प्रणितकडे होतं.

"आजोबा, खाडीचं तोंड बांधकामाच्या डेब्रिजनं भरलंय ना? रविवारी सगळी पोरं मिळून साफ करू. तुम्ही फक्त मोबाइलसमोर हाक द्या. कडक रील होईल!"

"अन् नावं कोनाची घेऊ?"

"नावं कशाला? सगळ्यांनाच द्या ना."

दामाजीला ते पटलं नाही. पण त्याची होडी दोन महिने चिखलात रुतलेली, अडला हरी! बेंबीच्या देठापासून तो ओरडला, "या रं समदी, खाडीवर या!"

चाळीस हजार लोकांनी ते पाहिलं म्हणे. दामाजीनं वीस घमेली मागून आणली. नळाला दोन दिवसांआड पाणी, तरी पोरांसाठी हंडा भरून ठेवला.

रविवारी ओहोटी लागली. नऊ वाजले तरी धक्क्यावर दोघंच.

"तीनशे जणांनी 'येतो' लिहिलेलं, आजोबा," प्रणित मान खाली घालून म्हणाला.

"त्यातला गावातला एक तरी सांग."

प्रणितनं मोबाइलवरची नावं वर-खाली सरकवून पाहिली. त्याला कुणीच ओळखू येईना.

दामाजीला रिकाम्या घरात वाटायचं त्याहून एकटं वाटलं. तरी सवयीनं पाय वळले आणि पहिल्या उंबऱ्याशी थांबले.

"समिधा, भगवानची लेक, घरान हाईस कं?"

पोरगी मोबाइल घेऊनच धावत आली. "अय्या, आजोबा! तुमची हाक मी चार वेळा बघितली!"

"मंग आयली कं नाय?"

ती गोंधळली. "मला कुठे बोलावलेलं? ते तर सगळ्यांसाठी होतं."

म्हाताऱ्यानं धक्क्याकडे बोट दाखवलं. मग तिनं मोबाइल फळीवर ठेवला, पायात चपला सरकवल्या आणि घमेलं उचलायला निघाली.

प्रणितनं लगेच कॅमेरा वर केला. "त्यो खिशान घाल," दामाजी म्हणाला, "अन् पुढल्या दारान तू आवाज दे."

प्रणित पुढच्या उंबऱ्याशी गेला, तोंड उघडलं आणि दारावर नावाची पाटी शोधू लागला. दोन वर्षं तो या गल्लीला दिवसातून दहा मेसेज पाठवत होता. आत कोण राहतं, ते त्याला माहीत नव्हतं.

"राकेश," दामाजी मागून हळूच म्हणाला.