मढवलेली मोटारसायकल

मित्रांनो, मी एक जुनी, लांब पल्ल्याची मोटारसायकल आहे आणि मला राग आला आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझा आवाज चढला तर तुम्ही दचकणार नाही.

मी चांगली धिप्पाड आहे. टाकी एकदा भरली की दिवसभर पंपाचे तोंड बघावे लागत नाही. कारखान्यात मला जोडणाऱ्या माणसांच्या मनात एकच गोष्ट होती. दोघांनी बसावे, मागे थोडे सामान बांधावे आणि दूर जावे. माझा सांगाडा, इंजिन, चाके, सगळे त्याच बेताने केलेले.

पहिली काही वर्षे आम्ही तसेच गेलो. माझा मालक चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. त्याला अहो-जाहो करायची माझी इच्छा उरलेली नाही, ती का ते कळेलच. त्याची बायको घरी सोफ्याच्या गाद्या शिवते. तिला मी बाई म्हणते. सुट्टी मिळाली की दोघे निघत. बाई मागे बसून गाणी म्हणायच्या, मोठ्याने आणि साफ बेसूर. वाऱ्यामुळे मालकाला काही ऐकू येत नसे. मला सगळे ऐकू येई आणि माझे इंजिन खुशीत चाले.

मग एकदा सिग्नलला आमच्या शेजारी एक नटलेली गाडी येऊन उभी राहिली. लोक माना वळवून तिच्याकडे बघू लागले. माझ्याकडे कोणी बघितले नाही. मला त्याचे काहीच वाटले नाही, मालकाला मात्र फार लागले.

त्या दिवसापासून रविवार आला की तो ड्रिल घेऊन माझ्यासमोर बसू लागला. आधी फोन अडकवायची पकड आली. मग धुक्यातले दिवे, जाड नळ्यांचे गार्ड, दोन स्पीकर, टाकीखाली निळ्या उजेडाची पट्टी आणि बैल हंबरावा तसा एक भोंगा. एवढे सगळे लावायला कोणाला विचारायचे तर ते नाही. ‘यात काय अवघड आहे?’ असे स्वतःशीच पुटपुटत तो भोके पाडायचा, वायरी चिकटपट्टीत गुंडाळायचा आणि सीटखाली कोंबायचा. माझी साखळी कोरडी पडली होती, तिला तेलाचा थेंब मिळाला नाही. माझा मागचा ब्रेक किंचाळू लागला, तेव्हा या माणसाने स्पीकरचा आवाज वाढवला!

बाईंनी त्याच्याकडे एकच गोष्ट मागितली होती.

“सीट जरा खाली करून देशील का? मलाही चालवायला शिकायचीय. पाय पुरत नाहीत माझे.”

“करू की. आधी एवढा दिवा बसू दे,” तो म्हणायचा. दिवा बसायचा आणि दुसरे खोके उघडायचे. बाई शिवणयंत्राकडे परत जायच्या.

शेवटी आली ती मागची मोठी पत्र्याची पेटी. तिच्या पुढच्या अंगाला पाठ टेकायची गुबगुबीत गादी होती. “बघ, तुझ्यासाठी आणली,” मालक ऐटीत म्हणाला. पेटी आणि माझा सांगाडा यांच्या मधे त्याने आणखी एक दिव्यांची पट्टी सारली. त्यामुळे बोल्ट आखूड पडू लागले. टोकाशी जेमतेम दोन आटे पकडले असतील. मला ते कळत होते. लांब बोल्ट आणायला बाजारात जावे लागले असते आणि त्याला तर लगेच फोटो काढायचा होता. त्याने तेच बोल्ट पिळले, पेटीवर थाप मारली आणि म्हणाला, “हत्ती बसला तरी हलणार नाही.”

हत्ती कशाला लागतोय? पुढच्याच सुट्टीत, शहराबाहेरच्या रस्त्यावर एक गतिरोधक आला. मी उडाले. बाई दचकून मागे रेलल्या, आणि पेटी त्यांच्यासकट निघाली. त्या डांबरावर आपटल्या. मालकाचा तोल गेला, मीही आडवी झाले.

आता ऐका, मित्रांनो. मालक उठला. त्याला खरचटलेही नव्हते. तो धावला, आणि धावत माझ्याकडे आला. माझ्याकडे! “अरे देवा, नवा दिवा फुटला,” असे म्हणत तो काचा गोळा करू लागला. बाई उजवे मनगट छातीशी धरून रस्त्यात बसल्या होत्या. त्या नवऱ्याकडे नुसत्या बघत होत्या. मला जमले असते तर तो बैलाचा भोंगा मी आपल्या आपण वाजवला असता. त्यांना उचलले ते एका ट्रकवाल्याने.

मनगट मोडले होते. शिवणाऱ्या बाईचे उजवे मनगट. हात प्लॅस्टरमध्ये, कात्री खुंटीला, गिऱ्हाईक परत. आणि मालक काय म्हणत होता?

“तूच एकदम मागे रेललीस. एवढा भार टाकायचा असतो का?”

मालकाची थोरली बहीण भावजयीच्या मदतीला येऊन राहिली होती. सगळे तिला अक्का म्हणतात. ती हातातले पातेले घेऊनच बाहेर आली.

“टेकायची गादी टेकायला नव्हती, तर काय बघायला लावली होतीस? तुझी चूक होती म्हण की एकदा. जीभ झडणार नाही.”

मालक फुटका दिवा पुसत बसला.

प्लॅस्टर निघाल्यावर बाई पाना घेऊन माझ्याकडे आल्या. बोटांत पुरती ताकद नव्हती, म्हणून अक्का हात लावायची. दोघींनी स्पीकर काढले, भोंगा काढला, निळी पट्टी ओरबाडून काढली.

“अगं, सांभाळून! किती हौसेनं लावलंय सगळं,” मालक दारातून म्हणाला.

“ठाऊक आहे,” बाई म्हणाल्या आणि पुढचा नट सोडवू लागल्या.

मग त्यांनी माझी सीट काढून घरात नेली. आतला फोम धारदार सुरीने तासला, वर नवे कापड ओढून शिवले. मेकॅनिकला बोलावून ब्रेक बदलून घेतले, हँडल जवळ आणवले. माझ्यात झालेली ही पहिलीच खरी सुधारणा. त्या बसल्या, दोन्ही पाय जमिनीला टेकले, आणि कितीतरी वेळ उतरल्याच नाहीत.

हळूहळू त्या चालवायला शिकल्या, आणि आता एकट्याच मला चालवतात. लांबच्या गिऱ्हाइकांच्या गाद्या मोजायला जातात. परवा परत आल्यावर त्या मनगट चोळत उभ्या होत्या. मालक अंगणात आला. माझ्याकडे न बघता त्याने विचारले, “अजून दुखतो का गं हात?”

“दुखतो.”

तो तिथेच उभा राहिला. बाईंनी त्याच्याकडे सामानाची पिशवी दिली आणि त्या आत गेल्या.

माझा राग गेला का? नाही. हात दुखतो का, हे त्याने त्या दिवशी रस्त्यावरच विचारायचे होते. मित्रांनो, गाड्या हौसेने घ्या, नटवा, पुसा, माझी ना नाही. पण भोक पाडण्याआधी घट्ट काय बसले नाही ते बघा, आणि मागे बसणारे माणूस काय मागते आहे ते ऐका. आमचा दिवा फुटला तर दुसरा मिळतो. तो उचलायला धावू नका.