एकशे चौदा नंबरचा खांब

"बाबा, हा एकशे चौदा नंबरचा खांब खोटं बोलतोय," कॉम्प्युटरवरून नजर न काढता लेक म्हणाली.

बाबांचा हात चहाच्या कपावरच थांबला. एकतीस वर्षं त्यांनी या प्रयोगशाळेत पोलादी नळ्यांत काँक्रीट भरलं, अठ्ठावीस दिवस मुरू दिलं आणि यंत्राखाली घालून कुठला खांब किती टनांना चिरडला ते वहीत लिहिलं. सगळे त्यांना 'दाबवाले' म्हणत. आता त्याच वह्यांवरून लेकीने प्रोग्राम बांधला होता. खांब न चिरडताच त्याची ताकद कळणार, म्हणजे यंत्र भंगारात आणि दाबवाले घरी. "पोटच्या पोरीनंच पोटावर पाय दिला हो!" असं ते ज्याला त्याला सांगत, आणि वर अभिमानाने फुलत.

"यायला हवेत एकशे नव्वद टन, तुम्ही लिहिलेत एकशे एकेचाळीस. लिहिताना चूक झाली असेल. काढून टाकते."

चूक! दाबवाल्यांच्या वहीतला आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. एरवी ते उसळले असते. आज त्यांनी कप नुसता बाजूला सारला. नुसतं 'काढ' म्हटलं असतं, तर एकोणीस वर्षं लपवलेली गोष्ट कायमची गाडली गेली असती.

पण लेकीचं बोट वहीत खांब भरल्याच्या तारखेवर थांबलं होतं.

"हा तर आई गेली तो दिवस. त्या दिवशी तुमची बस बंद पडली होती ना?"

तेव्हा ती नऊ वर्षांची होती, दवाखान्यात आईच्या उशाशी एकटी. बाबा पोचले तोवर सगळं संपलं होतं. बस बंद पडली, असं त्यांनी तिला सांगितलं, आणि पुढे सगळ्यांनाच.

"बस वेळेवर आली होती गं," ते म्हणाले. "दवाखान्यातून फोन आला तेव्हा नळी अर्धी भरली होती. म्हटलं, काँक्रीट सेट होऊन जाईल, एवढी भरतो आणि पळतो. जळली मेली माझी अक्कल! वीस मिनिटं गेली. त्यातही जीव थाऱ्यावर नव्हता, वरच्या अर्ध्यात सळईने ठासलंच नाही. आत पोकळी राहिली. खांब वाया गेला, आणि तीही भेटली नाही. तेलही गेलं, तूपही..."

लेकीने तारखेवरचं बोट उचललं.

"ती दाराकडे बघत होती, बाबा. मी सारखी सांगत होते, येतीलच आता."

बाबांनी तोंड फिरवलं. लेकीने डोळे पुसले, प्रोग्राममध्ये वरच्या अर्ध्यात पोकळी दाखवली आणि तो पुन्हा चालवला. आकडा आला, एकशे त्रेचाळीस.

"तुमचा आकडा खरा आहे. ठेवते."

"मग शेरा लिहायला हवा," बाबा म्हणाले.

एकशे चौदापुढचा शेऱ्याचा रकाना तेवढा कोरा होता. त्यांनी पेन काढलं. लेकीने पान दाबून धरलं. त्यांनी लिहिलं, 'घाईत भरला. ठासला नाही.' जरा थांबून खाली लिहिलं, 'भरायला थांबायलाच नको होतं.'

उशिरा लिहिलेल्या शेऱ्याखाली सही करून लिहिल्या दिवशीची तारीख घालायची, ही त्यांचीच शिस्त. त्यांनी सही केली, आजची तारीख घातली. शाई वाळली तरी लेकीने पानावरचा हात काढला नाही.