अंडी राखणारा बाप

प्रवाळातला तो मासा नखाएवढा, आणि त्याचे आयुष्य जेमतेम दोन महिन्यांचे. त्यातले तीन आठवडे अळीच्या अवस्थेत भर समुद्रात जातात. उरलेल्या दिवसांत वाढायचे, जोडी जमवायची आणि संसार उरकायचा. मादी अंडी घालून निघून जाते. नर मात्र बिळात बसून राखण करतो, परांनी पाणी हलते ठेवतो. या पितृत्वाच्या अभ्यासात सरांनी उभी हयात घालवली होती.

प्रयोगशाळेतल्या सहायकाने त्यांच्यापुढे रजेचा अर्ज ठेवला. कारण : पत्नीचे बाळंतपण.

"चार दिवस थांब," सर म्हणाले. "पिल्लं बाहेर पडली की तूही बाहेर पड. आपल्या टाकीत अंडी राखणारा बाप पहिल्यांदाच मिळालाय. चाळिशी उलटलीय त्याची, दिवसांत. त्याला पुन्हा संधी नाही."

"सर, माझंही पहिलंच आहे."

"माझी मुलगी झाली तेव्हा मी बोटीवर होतो. आठवड्यानं कळलं. काही अडलं का?"

हे मुलीला विचारायची सोय नव्हती. ती वर्षातून एकदाच फोन करी.

सहायक टाकीपुढे बसला. दर दहा मिनिटांनी नराने किती वेळा पर हलवले, ते मोजून वहीत लिहायचे. तासातासाला सर येत, बिळात बॅटरीचा झोत टाकत आणि काचेवर टकटक करत. "आहे ना जाग्यावर?"

"सर, तो बुजतो. बुजला की..."

"अरे, वीस वर्षं ओळखतोय मी याला!"

वीस वर्षांत माशाच्या सव्वाशे पिढ्या होतात, हे सहायकाने मनातच ठेवले.

तिसऱ्या दिवशी सासूबाईंचा फोन आला. "जावईबापू, बाळंतपण माशाचं आहे की माझ्या लेकीचं? दवाखान्यात आणलंय तिला. दर कळेला तुमचं नाव घेते, आणि ते काही प्रेमानं नाही!"

त्याने सरांकडे पाहिले. सरांनी टकटक केली, वाकून आत पाहिले आणि तसेच वाकलेले राहिले.

बीळ स्वच्छ होते. एकही अंडे नव्हते. नर दाराशी शांत बसला होता. पोट मात्र टम्म फुगलेले.

"गेला कुठे होता हा?" सर पुटपुटले.

"कुठेच नाही, सर. पूर्ण वेळ हजर होता."

सर सावकाश सरळ झाले. मग त्यांनी खिशातून पेन काढून अर्जावर सही केली.

तो पोहोचला तेव्हा मुलगी तासाभराची झाली होती. बायकोने डोळे उघडून त्याला पाहिले आणि पुन्हा मिटले. सासूबाईंनी दुपटे त्याच्या हातांकडे नेले.

"सुटका झाली वाटतं एकदाची! पिल्लं निघाली का तुमच्या माशाची?"

"नाही. बापानंच खाल्ली."

सासूबाईंनी दुपटे तसेच मागे घेतले. "आधी हात धुऊन या," त्या म्हणाल्या, "आणि काहीतरी खाऊन या."