भरल्या पोटाची संदूक

"भरल्या पोटी ओरडता येत नाई, ध्यानात ठेव," माझ्या झाकणाची शेवटची खीळ ठोकताना हाफिजचाचा म्हणाले होते. मी ते हसण्यावारी नेलं. ओरडायला मी काय कुत्रं आहे?

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची संदूक आहे. आरमोरीच्या बाजारात हाफिजचाचांनी मला कात्रीनं कापलं, ऐरणीवर ठोकलं. जन्म म्हणजे मार, एवढंच मी तिथं शिकले. लोखंडाच्या दुकानाचे मालक जाहिदभाई मला ऊर्जानगरला घेऊन गेले आणि आपल्या मित्राला म्हणाले, "माझ्या चिठ्ठ्यांनी बिड्या पेटवतोस ना, संघपाल? आता यात ठेव."

संघपालभाऊ वीज केंद्रात नोकरी करत आणि संगीत रचत. पण कसलं ते संगीत! पत्र्यावर सळई, करवतीवर दगड. सूर जुळत नसत, आणि ताल तर ते मुद्दाम मोडत. "चक्कीत बैल अडकला वाटते," असं क्वार्टरमधले लोक म्हणत. जाहिदभाई मात्र ऐकत. पत्रे तेच पुरवत, वादकांना जेवू तेच घालत. एकदा कार्यक्रमातून सगळे उठून गेले, तेव्हा जाहिदभाईंचं पत्र आलं: "तुझी टेप लावली तर बायको म्हणाली, दुकानातला रॅक पडला काय? दुसऱ्यांदा लावली तर तीच रडली. लिहीत राहा." भाऊंनी ते पत्र कितीदा वाचलं, आणि घडी करून माझ्या पोटात ठेवलं. मोबाईल आले तरी दोघांनी पत्रं सोडली नाहीत. माझं पोट भरत गेलं, आणि मला त्याचा अभिमान होता.

निवृत्तीनंतर भाऊ आपल्या गावी आले. गाव जंगलाला लागून. इथं वाघ आला की डबे वाजवायचे, एकसारख्या ठोक्यात, थांबायचं नाही. ते ऐकून सारं गाव धावतं. आणि भाऊ तर रोज संध्याकाळी पत्रा बडवत!

"भाऊ, तुमचा वाघ रोजच येते काय?" शेजारचा दसरू चिडवायचा.

"अरे, वाघाले ताल लागते. मी ताल धरतो काय कधी?"

हा फरक गावात कुणालाच कळत नसे. दसरूची बायको रिना तेवढी ऐकत असे. ती कॉलेज शिकलेली होती, आणि पाळण्यात तान्हं बाळ. पाचोळा वाजला तरी ती दाराची कडी तपासायची. तिचं बाळ भाऊंच्या त्या खणखणाटातच झोपायचं.

यंदाच्या उन्हाळ्यात जाहिदभाई मुक्कामाला आले. दिवसभर दोघांनी जुनी पत्रं वाचली, भांडले, हसले. दिवस मावळताना जाहिदभाई नमाजाआधी हातपाय धुवायला परसातल्या हापशाजवळ बसले. वाकलेला माणूस वाघाला जनावर वाटतो, हे इथलं लहान पोरही जाणतं. शहरात राहिलेले ते दोन म्हातारे विसरले.

झुडुपातून एक पिवळा लोट आला. हाड मोडल्याचा आवाज मी घरातून ऐकला. "संघपाल!" एवढंच जाहिदभाई ओरडले.

भाऊंनी सळई घेतली, मला उचललं, परसात धावले आणि मला बडवलं.

धप. धप.

आवाजच निघेना. माझ्या पोटात पत्रं होती. वाघानं खांदा सोडून मान धरली. पाणी लाल झालं. भाऊंनी मला उलटं केलं. साऱ्या आयुष्याची पत्रं त्या लाल चिखलात पडली. मग त्यांनी मारलेल्या प्रत्येक घावाला मी ओरडले. पत्रा फाटला, तरी ओरडले.

"पाहुणा आला ना, भाऊची मैफल रंगली," पलीकडं दसरू हसला.

रिना उठून उभी राहिली. "नाई. भाऊच्या वाजवन्यात ताल नसते. आज ताल आहे. पोराले धरा!"

ती चुलीतलं जळतं लाकूड घेऊन धावली आणि तिच्यामागं ओरडत गाव. वाघानं जाहिदभाईंना टाकलं आणि तो अंधारात गेला. पण मान तुटली होती. दवाखान्याच्या वाटेवरच त्यांनी जीव सोडला. त्या रात्री भाऊंना सळई सोडवेना. बोटं एकेक करून उघडावी लागली.

रिनानं पत्रं वेचली, बाळाच्या लंगोटांशेजारी दोरीवर वाळवली आणि पिशवीत बांधून खुंटीला टांगली. "संदूक आता रिकामीच राहू द्या, भाऊ," ती म्हणाली.

मी रिकामी आहे, मित्रांनो. आता कुणी हात लावला तर मी वेशीपर्यंत ओरडेन. पण भाऊ हात लावत नाहीत. ते हापशाकडं तोंड करून बसतात. जेवणाचा डबा संध्याकाळी होता तसाच राहतो. रिना रोज भाऊंच्या घराकडं कान देऊन ऐकायची, पण परवा ती बाळाला घेऊन माहेरी, गोंडपिपरीला गेली. जाताना भाऊंकडं लक्ष ठेवायला दसरूला बजावून गेली, आणि दसरू विसरला.

गाव आता म्हणतं, "बरं झालं, शांत वाटते."

मला ही शांतता ओळखू येते. ती भरल्या पोटाची आहे, आता भाऊंच्या. तुम्ही या रस्त्यानं आलात तर जंगलाकडच्या शेवटच्या घराशी थांबा. दार नुसतं लोटलेलं असतं. आवाज आला नाही तरी आत जा, आणि संघपालभाऊ जेवले का, तेवढं बघा.