पाचवा पूल

नवरा निवृत्त पूल-तपासनीस असेल, तर त्याला घेऊन कालव्यांचं शहर बघायला कुणीही जाऊ नये. हे मी अनुभवाने सांगते.

सकाळी दहाला आम्ही स्टेशनाजवळच्या हॉटेलातून निघालो आणि साडेदहा झाले तरी पहिल्याच पुलावर होतो. खाली नदी कालव्याला मिळत होती. एक पाणी गढूळ, एक हिरवं, दोन्ही बराच वेळ शेजारी शेजारी वाहत होती. होडीतल्या बायका आमच्याकडे बघून हात हलवत होत्या. हे मात्र गुडघे टेकून कठड्याबाहेर डोकं काढून बसलेले.

"अहो, उठा. लोक बघतायत."

"सांध्यात झाड उगवलंय. मुळं आत गेली की दगड सुटणार. इथे कुणाचं लक्ष दिसत नाही."

त्या झाडाचे त्यांनी एकवीस फोटो काढले. मग फोनने मान टाकली. माझा फोन हॉटेलात चार्जिंगला लावला तो तिथेच राहिला, ते माझं कर्म.

एरवी मी हे सगळं हसण्यावारी नेलं असतं. पण बारा वाजता लेक भेटणार होती. यांच्याच खात्यातली नोकरी सोडून ती इथे जुन्या पुस्तकांच्या बांधणीच्या कारखान्यात कामाला आली, त्या दिवसापासून यांनी तिच्याशी बोलणं टाकलं. चार वर्षं झाली. आम्ही येतोय असं मी कळवलं, तेव्हा तिने पहिल्यांदाच थेट यांना निरोप धाडला: 'स्टेशनपासून कालव्याच्या डाव्या काठाने या. पाचव्या पुलावर बारा वाजता थांबते. सुट्टी पाऊण तासच आहे.' यांनी उत्तर दिलं, 'येतो.' एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी आमची परतीची गाडी होती. आज चुकामूक झाली असती तर हे 'बघा, आलीच नाही' म्हणून पुन्हा तोंड शिवून बसले असते, आणि तीही यांचीच मुलगी.

म्हणून मी काठाकाठाने त्यांना अक्षरशः ओढत नेत होते. मोठ्या कालव्याला जागोजागी फाटे फुटतात, आणि प्रत्येक फाट्यावरून रस्ता पुलाने पलीकडे जातो. चौथा पूल ओलांडून पाचव्यावर पोचलो तेव्हा पावणेबारा झाले होते. छोटासा लोखंडी पूल, कठड्याला फुलांच्या कुंड्या, शेजारी बाक. मी हुश्श करून बसले.

"चला," हे म्हणाले. "अजून तीन राहिले."

"पाच झाले."

"दोन झाले. मधल्या दोन मोऱ्या होत्या. ही तिसरी." त्यांनी खिशातून टेप काढून आडवी धरली. "साडेचार मीटर. सहा मीटरच्या आत असेल तर ती मोरी. पुलात धरत नाहीत."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुंड्या लावलेल्या, लोक फोटो काढून घेत असलेल्या पुलाला हा माणूस मोरी म्हणत होता.

"हे तुमचं ऑफिस नाही. ती तिच्या आईबापाला भेटायला येतेय, तपासणीला नाही. मी इथून हलणार नाही."

"ती पुढे असेल."

"तिला काय वेड लागलंय तुमच्यासारखं मोजायला?"

ते टेप गुंडाळून माझ्या शेजारी बसले. बारा वाजले. सव्वाबारा वाजले. येणाऱ्या प्रत्येक मुलीकडे मी मान उंच करून बघत होते. ते पुढच्या वळणाकडे बघत होते आणि घड्याळाकडे बघत नव्हते, म्हणजे फार अस्वस्थ होते. शेवटी मीच उठले. काय म्हणून उठले ते मी सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही.

यांना गेल्या दहा वर्षांत इतकं भरभर चालताना मी पाहिलं नव्हतं. एकाही पुलावर वाकून बघितलं नाही. साडेबाराला वळण घेतलं, तर समोरच्या रुंद दगडी पुलाच्या कठड्याला टेकून लेक उभी. डबा उघडलेला, तसाच. बोटांना सरस लागलेला. अंगाने वाळली होती. आम्हाला पाहून तिने आधी बापाकडे बघितलं.

"मोऱ्या सोडून पाचवा," ती म्हणाली. "निरोप तुम्हाला होता ना, म्हणून तसं मोजलं. मला वाटलं, तुम्ही तरी चुकणार नाही. साडेबारा वाजले, बाबा. मी निघतच होते."

चार वर्षं दोघांचे निरोप मीच इकडून तिकडे पोचवत होते. हा एक थेट आलेला, आणि तोही मी मध्ये पडून बिघडवला. मी खरं सांगायला तोंड उघडलं.

"मोजण्यात माझी चूक झाली," हे म्हणाले.

लेक त्यांच्याकडे बघत राहिली. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, मीही हे वाक्य पहिल्यांदाच ऐकत होते.

"तुमची? मोजण्यात?"

"होते." त्यांनी कठड्यावर हात ठेवला, पण नजर दगडाकडे नव्हती. "चार वर्षांपूर्वीपण झाली होती."

ती डबा उचलून थोडी बाजूला सरकली आणि त्यांना टेकायला जागा केली. मी उघडलेलं तोंड मिटून घेतलं.