हिरव्या पाटीचं कासव

आमच्या प्राणिसंग्रहालयात प्राण्यांची ओळख आहारावरून होते. शाकाहारींना हिरवी पाटी, मांसाहारींना लाल, मिश्राहारींना पिवळी. हिरव्या पाटीचे कोणी कोणाला खात नाहीत, तेव्हा त्यांना एकाच कुंपणात ठेवलं तर जागा वाचेल, ही कल्पना माझी. मी इथला कारकून. पाट्याही मीच रंगवल्या.

त्या कुंपणात ससे होते, एक अवाढव्य कासव होतं आणि बदकाची अकरा पिल्लं होती. सोमवारी दहा राहिली, बुधवारी आठ, शनिवारी सहा. रक्ताचा डाग नाही, जाळी फाटलेली नाही, आणि किल्ली एकाच माणसाकडे. तो माणूस इथला रखवालदार आणि माझा सख्खा साडू.

अधीक्षकसाहेबांनी दोघांनाही बोलावलं.

"कुंपणात कोण कोण असतं?"

"ससे, कासव, पिल्लं आणि मी," साडू म्हणाला.

"ससा काय खातो?" हे मला.

"गवत, साहेब. हिरवी पाटी."

"कासव?"

"पाला. तीही हिरवी."

"आणि हे?" साहेबांनी साडूकडे बोट केलं.

मी तक्ता चाळला. माझ्या तक्त्यात माणूस पिवळ्यात येतो.

"म्हणजे आत मिश्राहारी एकच," साहेब म्हणाले. "सोमवारी खुलासा द्या, नाहीतर मंगळवारपासून येऊ नका."

नोटीस अर्थात मीच टाईप केली. घरी बायकोने ताट वाढलं, ते माझ्यापासून हातभर लांब.

"माझ्या बहिणीच्या घरात चूल कशी पेटायची, तेही टाईप करून द्या," ती म्हणाली.

रविवारी सकाळी मी साडूबरोबर कुंपणात जाऊन बसलो.

"घूस असेल हो, साडूभाऊ," मी म्हणालो.

"घूस असती तर बीळ दिसलं असतं. एकोणीस वर्षं झाली मला इथे. बदकं गांडुळंही खातात, हे पाटी लावली त्या दिवशीच तुम्हाला सांगितलं होतं."

"तोवर रंग वाळला होता."

एक पिल्लू आडव्या ओंडक्यावर चढलं. चार हातांवरून कासव तिकडे निघालं. त्याला पोचायला चांगली पाच मिनिटं लागली आणि ती सगळी आम्ही पाहिली. पण कासव चालत येतंय म्हणून कोणी धावत सुटतं का? साडूने थर्मास उघडून चहा ओतला. पिल्लू मागे सरकत सरकत ओंडक्याच्या टोकाला आलं. कासवाने मान बाहेर काढली. तिला इतकी लांबी आहे, हे मला ठाऊक नव्हतं. मग त्याने तोंड उघडलं आणि पिल्लाच्या डोक्यावर सावकाश मिटलं. काटकी मोडावी तसा आवाज झाला. थोडा वेळ जबड्याच्या कडेला दोन पिवळे पाय दिसले, मग तेही दिसेनात. त्यानंतर कासवाने शेजारचं कोबीचं पान खाल्लं.

साडूचा चहा त्याच्या मांडीवर सांडत होता. तो हलला नाही.

"पाहिलंत?"

"नाही," मी म्हणालो.

"अहो, पाहिलंत की!"

"पाहिलं."

साहेबांना फोन केला. त्यांनी आधी आमच्या शुद्धीची चौकशी केली, मग घरच्या चपलांवरच आले. तोवर कासव दुसऱ्या पिल्लाकडे निघालेलं होतं. तिघेही जागेवर खिळलो. मान बाहेर आली, तोंड उघडलं, आणि साडूने झेप घेऊन पिल्लू उचललं. जबडा हवेत मिटला. खट्.

साहेब होते तिथेच मातीत बसले.

"गेल्या महिन्यात माझ्या नातवाला याच्या पाठीवर बसवलं होतं मी," ते म्हणाले. बराच वेळ ते एवढंच म्हणत होते. मग त्यांनी माझ्याकडे नोटीस मागितली आणि तिचे चार तुकडे केले.

पाचही पिल्लं साडूने टोपलीत भरून स्वतःच्या खोलीत नेली. मंगळवारी तो नेहमीसारखा कामावर आला, मी पिवळा रंग घेऊन आलो.

"पाटीकडे काय बघताय? त्याच्याकडे बघा," साडू म्हणाला. "आणि बोटं जाळीच्या बाहेर ठेवा."

मी बोटं बाहेर घेतली. आत साडू सशांना गवत घालत होता. एकोणीस वर्षं तो त्यांच्यात वाकून, पाठमोरा काम करत आला आहे. आज तो उलट्या पावलांनी दारापर्यंत आला.